जपून ठेवलंय हं!

"जपून ठेवलंय हं, अगदी!"

मी विणून दिलेल्या ब्लँकेटची चौकशी केली की हमखास हे उत्तर येतं. चौकशी मी थेट करत नाही. आधी बाळाचे दात, मग बाळाच्या आजीचे गुडघे, मग पाऊसपाणी, आणि फोन ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखं, "अगं, ते पिवळं पांघरूण दिलं होतं ना मी, वापरता की नाही?" पलीकडे क्षणभर सामसूम. आणि मग ते वाक्य. त्यातला 'हं' लक्ष देऊन ऐकण्यासारखा असतो. गृहपाठाची वही घरी राहिलेली मुलं 'केलाय हं बाई' म्हणतात, तो हा 'हं'.

माझ्या वहीत आजवर चौदा ब्लँकेटं नोंदलेली आहेत. कोणासाठी, कुठला रंग, किती गुंडे, कधी सुरू केलं, कधी संपलं. या चौदांपैकी अकरा माझ्या माहितीप्रमाणे कपाटात आहेत. एकीने तर "सोन्यासारखं ठेवलंय" म्हणून सांगितलं. सोनं निदान लग्नकार्यात अंगावर चढतं. बारावं रिक्षात राहिलं. तेरावं चुलतजावेच्या कुत्र्याच्या टोपलीत आहे. हे तिने सहा महिने माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. मी घरी गेले तेव्हा टोपली पलंगाखाली सरकवायची तिची धांदल अजून डोळ्यांसमोर आहे. पण कुत्र्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो रोज त्यावर झोपतो. चौदाव्याची गोष्ट पुढे येईल.

कपाटातल्या अकरांचं आणखी एक दुःख म्हणजे त्या डांबरगोळ्या. 'लोकर' म्हणून आपण दुकानातून जी आणतो, तिने बहुतेक वेळा मेंढी पाहिलेली नसते. ते अ‍ॅक्रिलिक असतं, कारखान्यात जन्मलेलं. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, रेशमाला. अ‍ॅक्रिलिकमध्ये कसरीला खाण्यासारखं काही नाही. म्हणजे माझी अकरा ब्लँकेटं, ज्यांच्या वाटेला कुठलाही किडा जाणार नाही, ती किड्यांच्या भीतीने नाक धरून बसली आहेत. हे मी दोघीतिघींना समजावून सांगितलं. "असू दे हो मावशी, काळजी घेतलेली बरी," असं म्हणून त्यांनी दोन गोळ्या वाढवल्या असाव्यात.

क्रोशे मी घरात शिकले नाही. डोंबिवली लोकलच्या बायकांच्या डब्यात शिकले, १९८९ साली. फोर्टात नोकरी होती. गाडी डोंबिवलीहूनच सुटायची म्हणून बसायला मिळायचं, आणि बसायला मिळालं की बायकांच्या हातांना काम सुचतं. कोणी मेथी निवडायची, कोणी मटार सोलायची, कोणी स्तोत्राचं पुस्तक काढायची. खिडकीशी भायखळ्याच्या बाई असायच्या. डब्यात माणसांना नावं नसतात, उतरायची स्टेशनं असतात. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत गुंडा आणि हातात क्रोशाची सुई. मी तेव्हा दोन सुयांवर नवऱ्याचा स्वेटर विणत होते. दोन दिवस त्यांनी बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दोन सुयांचं काम गाडीत आणू नये. घाटकोपरला धक्का बसेल आणि वीस टाके सुटतील. क्रोशाला सुईवर एका वेळी एकच टाका. तो सुटला तर सुटला, उचलायचा आणि पुढे चालायचं."

घाटकोपरला धक्का बसला. वीस नव्हे, तीसेक टाके सुटले. दुसऱ्या दिवशी मी क्रोशाची सुई घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

साखळी, मुका खांब, खांब. एवढ्यावर त्यांचं शास्त्र संपायचं. मुक्या खांबाला मुका का म्हणतात ते मी विचारलं, तर म्हणाल्या, "बोलत नाही म्हणून. तूही जरा कमी बोल, मोज." डोंबिवली ते ठाणे त्यांच्या दोन ओळी व्हायच्या, माझी अर्धी. फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगद्यात दिवे गेले की डबाभर अंधार आणि कानात फक्त गाडीचा धडधडाट. बाहेर पडल्यावर पाहावं तर बाईंचे चार खांब वाढलेले. एकदा मी अभिमानाने तीन दिवसांचं काम दाखवलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"उसव."

"सगळं?"

"चूक कुठे आहे?"

"खाली. चौथ्या ओळीत."

"मग तिथपर्यंत."

क्रोशाचं उसवणं म्हणजे एक दोरा धरून ओढत राहायचं. तीन दिवसांचं काम मुलुंडला उसवायला घेतलं आणि भांडुपला मोकळी झाले. वेगाच्या बाबतीत जगात उसवण्याचा हात कोणी धरणार नाही.

गोल ब्लँकेट करायला घेतलं होतं तेव्हा तर मी कहरच केला. गोलात प्रत्येक फेरीला ठरावीक टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. माझं ब्लँकेट कोबीच्या पानासारखं उठलं. ते मी लाजेने उसवून टाकलं. पुष्कळ वर्षांनी कळलं की अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली मुद्दाम तसेच जास्तीचे टाके वाढवत विणलं आणि 'हायपरबोलिक प्रतल' नावाची भूमितीतली गोष्ट, जी कागदावर नीट दाखवता येत नव्हती, ती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. मुलांना ती हाताने चाचपून बघता आली. माझ्या हातून ही गोष्ट किमान सात वर्षं आधी घडली होती. पण माझ्याजवळ भायखळ्याच्या बाई होत्या, आणि त्या म्हणाल्या, "उसव."

आता हिशेब. बाळाचं ब्लँकेट म्हणजे साधारण नव्वद सेंटिमीटरचा चौरस. चार मिलिमीटरच्या सुईने माझ्या हाताला आडवे १३० खांब बसतात आणि उभ्या ७२ ओळी. म्हणजे ९,३६० खांब. मिनिटाला बारा धरले तर तेरा तास. त्यात उसवणं, मोजताना दाराची बेल वाजणं, पुन्हा मोजणं, कडेची नक्षी आणि दोऱ्यांची टोकं आत ओवणं मिळवा. टोकं ओवायचं काम इतकं कंटाळवाणं की मी चारचार ब्लँकेटांची टोकं साठवून ठेवते आणि नंतर स्वतःलाच शिव्या घालते. वीस तास कुठे गेले नाहीत. लोकर शंभर ग्रॅमचे पाच गुंडे. पाचही एकाच रंगाच्या एकाच लॉटमधले घ्यावे लागतात. गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो. दुकानात हातात धरून सारखे दिसणारे दोन पिवळे विणल्यावर शेजारी शेजारी आले की सख्ख्या जावांसारखे वागतात. हे न बघता घेतलं त्याचा एक पुरावा त्या कुत्र्याच्या टोपलीत आहे.

हा हिशेब ऐकला की समोरचा म्हणतो, "मग विकत का नाहीस? ऑनलाइन टाक." एकदा मी किंमत काढून पाहिली. लोकरीचे पैसे आणि वीस तासांची, घरकाम करणाऱ्या बाई घेतात तेवढी मजुरी. विचारणाऱ्या बाई हसल्या. "अगं, बाजारात पाचशेला मिळतं!" मिळतं, खरं आहे. विणाईची यंत्रं चारशे वर्षांपूर्वीच निघाली, पण बाजारात दिसणारं खरं क्रोशे आजही माणसाच्या हातानेच होतं. म्हणजे त्या पाचशेतही कोणाचे तरी हात आहेत. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा आमच्या डब्यातही पटला असता. या बायका 'कामगार' धरल्याच जात नाहीत. त्या घरी बसून फावल्या वेळात विणतात असं धरलं जातं, आणि फावल्या वेळाला मजुरी कोण देतं? २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. मी मात्र विकत नाही. पाचशेला वीस तास विकण्यापेक्षा फुकट देणं कमी अपमानाचं वाटतं. दिलेल्या वस्तूची निदान चौकशी तरी करता येते.

मुलगा म्हणतो, "आई, डोंबिवलीत लोकरीचं पांघरूण म्हणजे कोकणात फणस भेट देण्यासारखं आहे." त्याची उपमा चुकली आहे, कोकणात फणस निदान खातात तरी. बाकी मुद्दा मला मान्य आहे. मुंबईत कडाक्याची थंडी पडली असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा आम्ही पंखा पाचावरून तीनावर आणतो. एखाद्याला फारच थंडी वाजली तर तो चादर कमरेपर्यंत घेतो. तरीही आमच्या इमारतीत कुठे डोहाळजेवण ठरलं की मी लोकरीच्या दुकानात जाते. सवय म्हणा. शिवाय ए.सी. आले आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी मला ज्यांनी हसून घेतलं त्यांच्या बेडरूमा आता माथेरानएवढ्या गार आहेत. पण पांघरायला त्यांच्याकडे विकतचं गुबगुबीत काहीतरी असतं, आणि माझं कपाटात असतं. जपून ठेवलेलं.

हे जपणं येतं कुठून याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं त्याचं मूळ रुखवतात आहे. आमच्या पिढीच्या रुखवतात क्रोशाचे रुमाल, तोरण, ताटावरची जाळी, लोकरीचा ससा हे सगळं मांडलं जायचं. मांडायचं, पाहुण्यांनी कौतुक करायचं, आणि मग ट्रंकेत. ससा तर केवळ बघण्यासाठीच होता. रेडिओवर, नंतर टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आला तोही धूळ लागू नये म्हणून, आणि त्या रुमालाला धूळ लागू नये म्हणून वर प्लॅस्टिक. हाताची कला म्हणजे बघायची वस्तू, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं आहे.

गोधडीला हा मान कधी मिळाला नाही. म्हणून ती सुखी. गोधडी मुळात जपून झालेल्या वस्तूंचीच असते. आईची विटलेली लुगडी, बाबांचं धोतर, कोणाचा तरी परकर. जे वापरून वापरून मऊ झालं तेच गोधडीत जातं. नव्या बाळाला अंगाला टोचू नये म्हणून जुन्या नऊवारीचं दुपटं करायचं, नवीन कापड नव्हे. गोधडीला जन्मतःच पन्नास वर्षं झालेली असतात. तिला कोण कपाटात ठेवणार? तिच्यावर मुलं मुततात, ती उन्हात पडते, तिला पुन्हा टाके पडतात. माझं ब्लँकेट बिचारं पाच कोऱ्या गुंड्यांचं, एकाही माणसाचा वास नसलेलं. त्याचं नवेपणच त्याला नडतं.

नडतं ते थोरामोठ्यांच्या विणकामालाही. आमची गाडी तेव्हा जिच्या नावाच्या स्टेशनात जाऊन थांबायची, त्या व्हिक्टोरिया राणीने १९०० साली, वयाच्या ऐंशीत, बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी खाकी लोकरीचे आठ मफलर स्वतः क्रोशाने विणले. चार ब्रिटिश सैनिकांना, चार वसाहतींमधल्या. राणीने सहजपणे आपलं घरातलं काम म्हणून ते केलं असावं. युद्धावर माणसं गारठतात, त्यांच्या गळ्याला काहीतरी हवं, एवढंच. पण राणीचा मफलर कोण गुंडाळून हिंडणार? त्या मफलरचं पदक झालं. त्यातला एक ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आहे, एक कॅनडाच्या युद्धसंग्रहालयात. काचेमागे. राणीलाही कोणीतरी, फार अदबीने, "जपून ठेवलंय हं" असंच कळवलं असणार.

याच्या उलट टोकाला चेन्नईच्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या बायकांच्या गटाने २०१६ साली जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं. ११,१४८.५ चौरस मीटर. आपल्या हिशेबात दोन एकर तीस गुंठे. सातबाऱ्यावर चढवावं असं ब्लँकेट. पण त्या शहाण्या. ते लहान लहान तुकडे जोडून केलेलं होतं, म्हणजे पुन्हा सुटं करता येईल असं. त्या आकाराचं कपाट अजून निघालेलं नाही.

एवढं सगळं बोलल्यावर एक कबुली द्यायला हवी. १९९२ साली मी बाळंतपणाच्या रजेवर गेले तेव्हा भायखळ्याच्या बाईंनी डब्यातल्या एकीच्या हाती एक ब्लँकेट पाठवलं. पांढरं, कडेला निळी नक्षी. मी ते वापरलं नाही. कशी वापरणार? त्यात कुठल्या खांबाला कुठलं स्टेशन असेल ते मला माहीत होतं. मुलगा त्यावर ओकला असता तर? मी ते उशीच्या अभ्र्यात घालून, कडुनिंबाचा पाला टाकून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. रजेवरून परत आले तोवर बाईंची बदली झाली होती. त्या कुठल्या गाडीला असतात ते कोणी सांगू शकलं नाही. पुढे दादरच्या पुलावर एकदा अचानक भेटल्या. गर्दीच्या रेट्यात दोघी उलट दिशांना ढकलल्या जात होतो. त्यांनी ओरडून विचारलं, "पांघरूण घालतेस ना त्याला?"

मी काय ओरडले ते वाचकांनी ओळखलंच असेल.

त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. त्या पश्चिमेच्या जिन्याने उतरल्या. ते ब्लँकेट तेहतीस वर्षांनंतरही कोरं आहे. पाला तेवढा दरवर्षी बदलते.

तर आता चौदावं. पिवळं. भाचीच्या मुलासाठी, टोरांटोला. तिथे तरी थंडी खरी आहे, म्हणून मी मन लावून, नेहमीपेक्षा घट्ट विणलं. बाळाची बोटं अडकू नयेत म्हणून खांबांमध्ये फट ठेवली नाही. पाठवलं. पंधरा दिवसांनी भाचीचा फोन. "मावशी, खूप छान आहे गं. पण इथे डॉक्टर सांगतात, पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण घालायचंच नाही. श्वास कोंडतो म्हणे." मी म्हटलं, बरोबर आहे, डॉक्टर सांगतील तसं कर. मनात म्हटलं, बारावं कपाट.

वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. मी विचारायचं सोडलं होतं. मग एकदा व्हिडिओ कॉलवर भाची स्वयंपाकघरात काहीतरी दाखवत होती आणि तिच्या मागून जमिनीवरून एक पिवळं गाठोडं सरपटत गेलं. गाठोड्याच्या पुढे तिचा मुलगा होता.

"ते काय गं?"

भाचीने फोन पटकन वर केला. "काही नाही मावशी. अगं, तो ऐकतच नाही. बाहेर नेतो, गाडीत नेतो, धुवायला काढलं तर मशिनसमोर बसून राहतो. सॉरी गं. इतकं कष्टाने केलंस तू आणि त्याने पार लक्तर करून टाकलंय. भोकही पडलंय मोठं. मी तुला दाखवणारच नव्हते."

"दाखव."

तिने दाखवलं. एक कोपरा चघळून काळा पडला होता. मधे कुठे सॉस, कुठे रंग. आणि डाव्या बाजूला माझी मूठ जाईल एवढं भोक. दोन सुयांची वीण असती तर तो टाका शिडी लागल्यासारखा खालपर्यंत गेला असता. क्रोशाचं भोक आपली जागा धरून बसतं. मी ते मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी मोठं करून करून पाहिलं. भाचीला वाटलं मला रडू येतंय. येतही होतं थोडं, पण तिला वाटलं त्यासाठी नव्हे.

मार्चमध्ये कोणीतरी येणार होतं, त्यांच्या सामानातून ते दुरुस्तीला आलं. मुलाला "आजीकडे दवाखान्यात गेलंय" असं सांगितलं होतं आणि रोज संध्याकाळी फोनवर मला पेशंटची तब्येत कळवावी लागायची. पिवळा लॉट अर्थातच मिळाला नाही. चार दुकानं हिंडले. जवळपासचे तीन पिवळे घरी आणून उजेडात लावून पाहिले, तिन्ही जावा. शेवटी घरात उरलेल्या पोपटी लोकरीने भोक भरलं, चघळलेल्या कोपऱ्याला मुक्या खांबांची एक ओळ घातली, आणि परत पाठवलं. पोचल्यावर मुलाने पोपटी ठिगळावर बोट ठेवून आईला सांगितलं म्हणे, की इथे त्याला इंजेक्शन दिलंय.

माझ्या अकरांपैकी कोणाच्या घरी हे वाचलं जात असेल तर निरोप असा: डांबरगोळ्या काढून टाका, दोन दिवस वारा द्या, आणि पांघरा. मशिनमध्ये धुतलं तरी चालतं. मी दुपारी तीननंतर घरीच असते. भोक पडलं की आणून द्या, भरून देईन. रंग मात्र घरात असेल तो.